बगळ्यांचा गाऊन

जयाबाईनं नवऱ्याला खुर्चीला बांधलं आणि मग मुलाला व्हिडिओ कॉल लावला.

बांधायला गाऊनचाच पट्टा घेतला होता. आडवं झालं की आण्णाप्पाचा श्वास अडकायचा आणि बसलं की तोल जायचा. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत एकतीस वर्षं वाळूचे साचे करता करता अर्धी वाळू त्याच्या छातीतच गेली होती. डॉक्टर सकाळी म्हणाले होते, "ज्यांना बोलवायचं त्यांना ह्याच आठवड्यात बोलवा." गाऊनचं मात्र त्यांनी कौतुक केलं. पुढून उघडा, तपासायला सोयीचा. समर्थनं तो जर्मनीहून पाठवला होता. जपानी धाटणीचा, निळा रेशमी, अंगभर बगळे. अख्ख्या येळ्ळुरात असला दुसरा नव्हता.

"आप्पा, लई भारी दिसालायसा!" समर्थ खूश झाला. "हिकडं बडी माणसंच घालत्यात हे. आमचा डायरेक्टर संध्याकाळी घरात ह्योच घालतो."

"घालून काय करतोय?"

"काय न्हाय. नुसता बसतो."

"मग मी बी त्येच करालोय."

एवढ्यानं आण्णाप्पाला धाप लागली. समर्थला वाटलं, हसतायत. तोही हसला.

"बाळा, तू ये," जयाबाई म्हणाली. "डॉक्टर म्हणालेत, ह्याच आठवड्यात."

"आई, डॉक्टर भ्या घालत्यात गं. बघ की, कसे सायबागत बसलेत!" गळ्याची हाडं रेशमाखाली झाकली गेली होती. "रजा दिवाळीला मंजूर हाय. आणि पट्ट्याची गाठ पुढं मारायची असती. मागं न्हाय."

"पुढं मारली तर ह्येनी पडत्यात."

तोवर समर्थनं फोटो काढून घेतला होता. "स्टेटसला टाकतो," म्हणाला आणि गेला.

पाच मिनिटांत गल्लीला कळलं, आण्णाप्पा ठणठणीत आहे. भेटायला निघालेला परशराम मोबाईल बघत दारातच थांबला. "आण्णा, सायब झालासा की!" असं ओरडून तिथूनच माघारी फिरला.

धाप लागल्यावर ऑक्सिजनच्या मशीनच्या घरघरीत आण्णाप्पाला फोनवरचं पुढचं धड ऐकू आलं नव्हतं.

"कवा येतो म्हणाला?"

"दिवाळीला."

आण्णाप्पानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. नागपंचमी कालच झाली होती.

"मग गाठ जरा घट्ट मार," तो म्हणाला.