दहापैकी सहा

"पूल, बादली, लोणी, चाक, खिडकी, मेंढी, शिडी, टोपी, मीठ, घंटा." डॉक्टर गीअरींनी एकेक शब्द सावकाश वाचला. "आता तू म्हण. क्रम चुकला तरी चालेल."

मुरिन तपासणीच्या टेबलावर बसून पाय हलवत होती. हिरव्या जर्सीच्या बाहीला चिखल लागला होता.

"पूल. बादली. लोणी." ती थांबली. "मेंढी... मीठ. घंटा."

"आणखी?"

"बस. आमच्याकडे एवढ्यात दोन वेळचं जेवण होतं."

डॉक्टर हसल्या आणि कागद उलटू लागल्या. बाहेर कॉर्कच्या मैदानावर आयर्लंड आणि वेल्सच्या मुलींचा रग्बीचा सामना चालू होता. डोक्याला मार लागलेल्या खेळाडूला बारा मिनिटं आत आणून तपासतात. मोसमाआधी, ऑगस्टमध्ये, जेवढे शब्द आठवले होते तेवढे आताही आठवले, तर परत खेळायला सोडतात. मुरिनचा देशासाठी हा पहिलाच सामना. उतरून अकरा मिनिटं होतात न होतात तोच कुणाचा तरी गुडघा तिच्या कानशिलावर आदळला होता. क्लेअरहून तिच्या गावची आख्खी बस आली होती. बापाने गाई शेजाऱ्यावर सोपवल्या होत्या. स्वतःच्या लग्नादिवशीही दोन्ही वेळचं दूध त्याने स्वतःच काढलं होतं म्हणे.

शेजारच्या टेबलावर खांद्याला बर्फ लावून डर्वला बसली होती. तिचा सामना पूर्वार्धातच संपला होता. चौतीस वर्षांची, देशाकडून एकेचाळीस सामने खेळलेली. संघातल्या मुली तिला आजी म्हणत.

"ऑगस्टमध्ये सहा," डॉक्टर म्हणाल्या. "आजही सहा. चालणं ठीक, तोल ठीक." त्यांनी सही करायला पेन उघडलं.

मुरिनने डर्वलाकडे बघून डोळा मारला.

डर्वलाने मान खाली घातली. ऑगस्टमध्ये याच डॉक्टरांच्या दाराबाहेर रांगेत तीच या पोरीच्या कानात म्हणाली होती, "दहा आले तरी दहा सांगू नकोस. सहावर थांब. मग कधी डोकं आपटलं तरी तुला कुणी बाहेर बसवणार नाही." तिलाही हे एका थोरलीने असंच रांगेत सांगितलं होतं. बुटाची जादा नाडी द्यावी, तसं. पोरीने त्या दिवशी आपल्या वाटणीचा केक आजीला दिला होता आणि आजीने तो खाल्लाही होता.

"डॉक्टर," डर्वला म्हणाली.

"काय गं, दुखतंय?"

"हो. जरा."

"एक मिनिट हं. हिला पाठवते आधी."

मुरिन टेबलावरून उतरली, जर्सी खाली ओढली आणि झपाझप चालत निघाली. मैदानाकडचं दार डावीकडे होतं. ती उजवीकडे गेली आणि औषधांच्या कपाटाची मूठ फिरवू लागली. डॉक्टर खाली बघून लिहीत होत्या. मुरिनला चूक कळली. तिने ओठांवर बोट ठेवलं, हसली आणि वळली.

"ते सहा खोटे आहेत," डर्वला म्हणाली.

डॉक्टरांचं पेन थांबलं. "कुठले?"

"ऑगस्टमधले. हिला दहाच्या दहा येतात. लाइनआउटला चेंडू आत फेकतानाच्या चाळीस खुणा हिने एका संध्याकाळी पाठ केल्यात."

"तुला काय माहीत?"

"माहीत आहे."

डॉक्टरांनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग कागदावर आडवी रेघ मारली. "मुरिन, बस खाली. संपला तुझा आजचा सामना." आणि मैदानावर कळवायला त्या बाहेर गेल्या.

मुरिन जिथे होती तिथेच जमिनीवर बसली.

"आजी, तू एकेचाळीस सामने खेळलीस," ती म्हणाली. "मला एक पुरा होऊ दिला नाहीस."

बाहेर लोक गात होते. बसमधली मंडळी अजून मुरिनचंच नाव घेत असतील. डर्वला टेबलावरून उतरली आणि मुरिनच्या शेजारी भिंतीला टेकून बसली. मुरिन सरकली नाही. गुडघ्यावरचा चिखल नखाने खरवडत राहिली. हळूहळू तिच्या कपाळावरची आठी गेली.

"मला का बसवलंय?" तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. "कुणी सांगितलं डॉक्टरांना?"

डर्वलाने तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. मुरिन खरोखरच विचारत होती.

आता काहीही सांगता आलं असतं. डॉक्टरांनाच कळलं. रेफ्रीने सांगितलं. पोरीने ते खरं मानलं असतं.

"मी सांगितलं," डर्वला म्हणाली. "आणि सहावर थांबायला तुला शिकवलंही मीच. ऑगस्टमध्ये. चूक माझी आहे, मुरिन, तुझी नाही."

शाळेत बाईंचं ऐकून घ्यावं तशी मुरिनने मान डोलावली. डॉक्टर केव्हाच परतल्या होत्या. पेन हातात धरून दारात उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं.

"आजी," मुरिन म्हणाली, "कुणी सांगितलं डॉक्टरांना?"

डॉक्टर चटकन पुढे आल्या, गुडघे टेकून बसल्या आणि मुरिनच्या डोळ्यांत उजेड धरला. "बोलत राहा तिच्याशी," त्या डर्वलाकडे न बघता म्हणाल्या.

डर्वलाने बर्फाची पिशवी बाजूला ठेवली, पोरीचा हात हातात घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.