सावलीची दोरी

रोदोपीच्या डोंगरात दगडी घरांना कायम ओल असते. माझ्या बायकोचा, सेव्दाचा खोकला त्यानेच हटत नव्हता, म्हणून मी मातीची पोती रचून नवं घर बांधायला घेतलं. ओल वर चढू नये म्हणून तळाच्या पोत्यांत खडी भरली.

आमचे जुने गवंडी कुणाची तरी सावली दोरीने मोजून ती दोरी घराच्या पायात पुरायचे. घर टिकायचं, तो माणूस चाळीस दिवसांत जायचा.

तळाच्या एका पोत्यात मला दोरी सापडली.

"कुणाची मोजलीस?"

"माझीच. मी तशीही चाललेय, मेतोदी. तुझं हे पोत्यांचं घर दुसरं कशाने टिकणार?"

मी दोरी चुलीत जाळली. एकोणिसाव्या दिवशी सेव्दा गेली.

घर खडखडीत कोरडं आहे. आत कुणी खोकत नाही.