सातवा हंस

सातव्या हंसाच्या पंखावरचा उजेड कादोवाकी मित्सुएने मुद्दामच चुकीच्या बाजूला ठेवला.

बाकी चित्रात बोट ठेवायला जागा नव्हती. जपानातल्या शिंजी सरोवरावरचं सकाळचं धुकं, लांब दांड्याच्या दंताळ्याने शिंपल्या उपसणारा कोळी आणि त्याच्या होडीवरून भातखाचरांकडे निघालेले हंस. होडी नोव्हेंबरातली, हंस जानेवारीतले. संगणकावर तिने दोन्ही फोटो असे जोडले होते की सांधा शोधूनही सापडू नये. फक्त होडीवर ऊन उजवीकडून येत होतं आणि शेवटच्या हंसावर डावीकडून.

गावच्या छायाचित्र स्पर्धेचा नियम कडक होता. जोडलेलं चित्र सापडलं की बक्षीस परत, आणि चित्र ज्याच्या नावावर, त्याचं नाव वर्तमानपत्रात.

चार वर्षांपूर्वी तिला यातलं काहीच येत नव्हतं. तेव्हा तिचा नवरा शिगेओ अंथरुणाला खिळलेला होता. त्याआधी, तो शेवटचा पाण्यावर गेला त्या दिवशी, तिने काठावरून त्याचा एक फोटो काढला होता. पाठमोरा शिगेओ, हातात दंताळं, चहूकडे धुकं. फोटो मळकट आला, म्हणून तिने कॅमेऱ्याचं कार्ड फोटो क्लबच्या गुरुजींकडे, फुकुमा सेन्सेईंकडे, नेऊन दिलं. "जरा उजळून द्याल का? त्यांच्या उशाशी लावून ठेवीन म्हणते."

सेन्सेईंनी तो उजळला, क्षितिज सरळ केलं आणि स्वतःच्या नावाने स्पर्धेला पाठवला. पहिला आला. शिगेओची राख घरी आली त्या आठवड्यात तो नगरभवनाच्या भिंतीवर लागला होता.

ती विचारायला गेली.

"बटण काय, कुणीही दाबतं कादोवाकीसान," सेन्सेई म्हणाले. "चित्र घडतं ते नंतर. तुम्ही आणलात तो नुसता चिखल होता."

"आणि माझं कार्ड?"

"भरलं होतं. पुसून ठेवलंय. आता हवे तेवढे फोटो काढा."

तिने वाकून नमस्कार केला आणि कार्ड घेऊन घरी आली.

त्यानंतर ती शिकली. ग्रंथालयातल्या वर्गात पोरीच्या वयाच्या शिक्षिकेसमोर वही घेऊन बसली. उजळ भाग एकदा जळला की परत येत नाही, अंधारातलं मात्र बरंच काही वर काढता येतं. रंग वाढवायचा मोह झाला की हात मांडीखाली घ्यायचा. मूळ फाइल मरेपर्यंत पुसायची नाही. हे शेवटचं लिहिताना तिच्या पेन्सिलीचं टोक मोडलं.

क्लब तिने सोडला नाही. दर शनिवारी सेन्सेईंना चहा ओतून दिला. सगळ्यांच्या प्रवेशिका भरून पाठवायचं काम सेन्सेईंकडेच होतं, ते तिने कधी विसरू दिलं नाही स्वतःला.

फेब्रुवारीत तिने ते चित्र त्यांच्यासमोर ठेवलं. सेन्सेई नुकतेच इस्पितळातून आले होते. गालफडं बसली होती, बोलताना धाप लागत होती. चष्मा कपाळावर चढवून ते कितीतरी वेळ बघत राहिले.

"कुठे पाठवताय?" त्यांनी विचारलं.

"छे! मला कुठली हौस? तुमच्या नजरेखालून जावं एवढंच."

"ही होडी... तुमच्या यजमानांची का?"

"त्यांच्या भावाची."

सेन्सेईंनी घसा खाकरला. "मी ठेवून घेऊ हे? असं चित्र कपाटात पडून राहणं बरं नाही."

"ठेवा की. तुमच्याकडे गेलं म्हणजे सार्थकी लागलं."

दारात तिने चपला घातल्या तेव्हा तिचे हात थंडगार होते आणि ओठांवर हसू होतं. माणूस मरणाच्या दारातून आला तरी हात तोच, असं तिला वाटलं.

एप्रिलच्या एका सोमवारी सकाळीच नोत्सुबाईंचा फोन आला. क्लबातली कुठलीही बातमी त्यांच्या पोटात टिकत नसे.

"अगं मित्सुए, पहिलं बक्षीस आपल्या क्लबला! होडी आणि हंस! परीक्षकांचे म्हणे डोळे पाणावले."

"कुणाचं गं?"

"ते नाही हं सांगणार. सेन्सेईंनी शपथ घातलीय. शनिवारी स्वतःच सांगणार आहेत. चांगला किमोनो घालून ये मात्र!"

"येते तर," मित्सुए म्हणाली.

पत्र महिन्यापूर्वीच तयार होतं. 'पहिलं आलेलं चित्र बनावट आहे. सातवा हंस मोठा करून पाहा.' सोबत होडीचा मूळ फोटो, हंसांचा मूळ फोटो. खाली सही नाही. एक प्रत आयोजकांना, एक वर्तमानपत्राला. दोन्ही पाकिटं तिने टपाल कचेरीत स्वतःच्या हाताने दिली, आणि बुधवारपर्यंत नक्की पोचतील ना, हे दोनदा विचारून घेतलं. घरी येऊन शिगेओच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावली. "झालं बरं का," ती म्हणाली.

शनिवारी क्लबची खोली भरली होती. टेबलावर फुलांचा गुच्छ होता. मित्सुए मुद्दाम पुढच्या रांगेत बसली. सेन्सेईंचा चेहरा तिला जवळून पाहायचा होता.

सेन्सेई काठी टेकत उभे राहिले.

"चार वर्षांपूर्वी मी एक चोरी केली," ते म्हणाले. "एका बाईच्या नवऱ्याचं शेवटचं चित्र माझ्या नावाने लावलं. इस्पितळात छताकडे बघत पडलो होतो तेव्हा दुसरं काही दिसतच नव्हतं मला. ते बक्षीस मी परवा परत केलं."

त्यांनी गुच्छ उचलला, हळूहळू तिच्यासमोर आले आणि कपाळ गुडघ्याला लागेल इतके वाकले.

"न विचारता पाठवलं, तेवढं माफ करा, कादोवाकीसान. हंसांच्या चित्रावर या वेळी मी तुमचंच नाव घातलंय."