आणखी दोनचार दाणे

पहिली लाही फुटली तेव्हा आजी दाराकडेच बघत होत्या.

"आजी, लक्ष कुठंय? ऐका," ओट्याशी उभी असलेली सोबतीण म्हणाली.

एअर फ्रायरमध्ये पॉपकॉर्न करायचं तर जिवाचा कान करावा लागतो. आतलं काही दिसत नाही आणि पंख्याची घरघर चालूच असते. लाह्यांची तडतड जोरात आहे तोवर थांबायचं, मंदावली की बटण बंद करायचं. उशीर झाला तर लाह्या उडून वरच्या तापलेल्या कॉइलला चिकटतात आणि घरभर धूर होतो.

गॅस मुलानं कधीच काढून टाकला होता. आजी एकदा तो चालू ठेवून झोपल्या, आणि तेव्हापासून घरातली एकेक गोष्ट त्यांच्या भल्याची होत गेली. खिडक्यांना गज आले, ते भल्यासाठी. घरातल्या फोनवरून बाहेर फोन लागेनासा झाला, तेही भल्यासाठीच. शेवटी दाराला असं कुलूप आलं की ते फक्त मुलाच्या मोबाइलवरून उघडायचं. आधीच्या दोन सोबतिणी टिकल्या नव्हत्या, म्हणून या वेळी त्यानं सगळा पक्का बंदोबस्त केला होता.

ही तिसरी. तरुण आणि अबोल. घरभर अनवाणी वावरायची, त्यामुळे कधी मागे येऊन उभी राहिली ते कळायचंच नाही. आजी खिडकीशी गेल्या की ही हजर. जिन्यात शेजारची पोरं खेळायला लागली की हातातलं काम टाकून दाराला कान लावायची. रात्री गादीसुद्धा दाराला लागूनच घालायची. आजींना मध्येच जाग आली तर अंधारात तिचे उघडे डोळे दिसायचे, आणि मग त्यांनाही झोप लागायची नाही.

रोज दुपारी मुलाचा फोन यायचा. दार बंद आहे ना, ती घरातच आहे ना, एवढंच तो विचारायचा. "आहे. कुठं जाणार?" एवढंच उत्तर जायचं आणि फोन खाली ठेवला जायचा.

एकदाच सगळं बिनसलं होतं. यंत्र नवीन होतं, अंदाज नव्हता. लाह्या जळल्या, छताचा भोंगा कोकलायला लागला आणि त्यापाठोपाठ दाराचं कुलूप खट्कन सुटलं. धूर झाला की कुलपं आपोआप सुटावीत अशी इमारतीचीच सोय होती. दार बोटभर उघडलं. दोघींनी दाराकडे पाहिलं, मग एकमेकींकडे. तेवढ्यात सोबतिणीनं पुढे होऊन दार लोटलं आणि त्याला पाठ टेकून ती उभी राहिली.

"साहेबांना सांगू नका," ती म्हणाली.

साहेबांना धुराचं कळलं. दाराचं मात्र दोघींनी ताकास तूर लागू दिली नाही.

त्या दिवसापासून आजींना पॉपकॉर्नचं वेड लागलं. दाणे कवळीत अडकायचे, त्या कुरकुरायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मागायच्या. मुलाला बरंच वाटलं. म्हातारं माणूस कशात तरी रमलं म्हणजे झालं.

मग एका रविवारी आजींनी त्याच्या वडलांचं जुनं घड्याळ बघायचं म्हणून मुलामागे लकडा लावला. ते त्याच्या कुलपातल्या कपाटात होतं. वडलांचं नाव काढल्यावर तो विरघळला. किल्ली देऊन बाल्कनीत फोनवर बोलत बसला. आजी रुमालात काहीतरी गुंडाळून बाहेर आल्या आणि ते त्यांनी आपल्या कोटाच्या खिशात ठेवलं. कोट दारामागच्या खुंटीला अडकवला. फिरायला जायचे जुने बूट पुसून खाली ठेवले. थंडी वाजते, पाय गार पडतात, असं कारण तयार होतं. पण कुणी विचारलंच नाही.

गुडघ्यांचं काय, हा प्रश्न होताच. खाली जायचं तर तीन मजले, आणि मुलाचं ऑफिस गाडीनं अगदी जवळ. दार उघडलं तरी हाती फार वेळ मिळणार नव्हता. आजींना भीती वाटत होती. उघडलेलं दार ही पोर याही वेळी लोटणार, अशी पक्की भीती.

आत तडतड मंदावली. सोबतिणीनं बटणाकडे हात नेला.

"राहू दे," आजी म्हणाल्या. "आणखी दोनचार दाणे फुटायचेत."

"जळतील, आजी."

"जळू देत."

आधी वास आला. मग फटीतून धूर निघाला, भोंगा कोकलला आणि दार खट्कन सुटलं. आजी खुर्चीचा हात धरून उठल्या, भिंतीच्या आधारानं दारापर्यंत गेल्या. कोट त्यांच्या हातात आला तोच सोबतीण धावत आली आणि सवयीनं तिनं दार लोटायला हात पुढे केला.

आजींनी तो हात धरला आणि कोटाच्या बाहीत घातला.

"खिशात तुझा फोन आहे. त्यानं कपाटात ठेवला होता तो. खाली गेलीस की आधी तुझ्या लेकीला लाव. बूट सैल होतील, नाड्या आवळून बांध."

"आणि तुम्ही?"

"माझे गुडघे बघतेस ना? नीघ आता."

बुटांचा आवाज जिन्यानं खाली खाली गेला. तो पार ऐकू येईनासा झाल्यावर आजींनी दार ओढून घेतलं, लाह्यांचं भांडं घेऊन त्या खुर्चीत बसल्या. भोंगा थांबला आणि फोन वाजला.

"आई, धूर कसला? दार बंद आहे ना? ती घरातच आहे ना?"

आजींनी एक काळपट लाही तोंडात टाकली आणि रोजचंच उत्तर दिलं.

"आहे. कुठं जाणार?"