आधी आंघोळ

शुभ्राने दार उघडलं तेव्हा वॉशिंग मशीन चालू होतं. घरभर डेटॉलचा वास सुटला होता. सोफ्यावर ईश्वरी बसली होती, शुभ्राच्याच गाऊनमध्ये, ओल्या केसांनी. तिच्या मागे उभ्या राहून शुभ्राच्या सासूबाई, प्रमिलाबाई, तिच्या केसांतला गुंता सोडवत होत्या.

ईश्वरी त्यांच्याच अल बर्शा भागातली, दोन इमारती सोडून राहणारी मुलगी. दुबईतच वाढलेली. मंदीत तिच्या वडिलांची नोकरी गेली, तेव्हा शुभ्रानेच तिला आपल्या कंपनीत चिकटवलं होतं. एका परदेशी सैन्याच्या तळावरचं कँटीन आणि गोदाम ही कंपनी सांभाळायची. ईश्वरी गोदामाच्या ऑफिसात बसायची.

“आंटी, आय कॉल्ड यू. सो मेनी टाइम्स.” ईश्वरीच्या मनगटावर बोटांचे वळ होते. “सप्लायचा तो कॅप्टन... स्टोअररूममध्ये. ही लॉक्ड द डोअर.”

पुढचं शुभ्राला विचारावं लागलं नाही. ते तिचं कामच होतं. असं काही घडू नये म्हणून तळावरच्या लोकांना शिकवायचं आणि घडलंच तर त्या बाईला डॉक्टरपासून वकिलापर्यंत सोबत करायची. त्या सैन्याने करारात तशी अटच घातली होती, म्हणून मंदीत निम्मं ऑफिस घरी गेलं तरी शुभ्राची खुर्ची शाबूत राहिली. गेल्या वर्षी एकही तक्रार आली नाही, तर साहेबांनी केक कापला होता. केक तिनेही खाल्ला होता.

“अगं, ट्रेनिंगच्या दिवशी माझा मोबाइल गेटवर जमा असतो. पण मी हॉलमध्येच होते ना, ट्रेनिंग घेत! सरळ आत यायचंस!”

“आले होते. ही वॉज सिटिंग देअर, आंटी. फर्स्ट रो.”

शुभ्राला ते दार आठवलं. भर वर्गात ते अर्धवट उघडलं होतं आणि लगेच मिटलं होतं. उशिरा आलेला कुणीतरी लाजला असेल म्हणून ती बोलत राहिली. पडद्यावर तेव्हा तिची सगळ्यात आवडती स्लाइड होती. आंघोळ करू नका. कपडे धुऊ नका. कपडे कागदी पिशवीत ठेवा आणि आधी माझ्याकडे या. पहिल्या रांगेतला कॅप्टन मान डोलावत होता.

ती बाल्कनीकडे धावली. मशीनच्या काचेमागे ईश्वरीचा निळा शर्ट गरगरत होता. तिने बटणं दाबली, हँडल ओढलं, दारावर लाथही मारली. पाणी भरलेलं मशीन काही उघडेना. समोर अर्धवट राहिलेल्या टॉवरवर बंद पडलेली क्रेन होती. तिच्याकडे बघत शुभ्रा क्षणभर तशीच उभी राहिली. पुढच्या आठवड्यात कॅप्टनची तुकडी मायदेशी परतणार होती. पुरावा हाती असता तर तिने त्याला विमानात चढू दिलं नसतं. आता त्याचा शब्द आणि एका कारकून मुलीचा शब्द. कुणाचा खरा ठरणार, हे सांगायला तिला कुठल्या ट्रेनिंगची गरज नव्हती.

ती परत आली ती संतापानेच. आजवर सासूबाईंसमोर तिचा आवाज चढला नव्हता. त्यांना ती आपलं काम ‘स्टाफ वेल्फेअर’ एवढंच सांगायची. चारशे परक्या माणसांपुढे माइकवर उच्चारायचा शब्द घरात सासूपुढे कसा उच्चारायचा? आणि या बाईला कळणार तरी काय, असंही तिला वाटायचं. प्रमिलाबाईंचं जग म्हणजे देव, स्वयंपाक आणि दोन वेळची कढत आंघोळ. दुबईच्या उन्हाळ्यात थंड पाण्याच्या नळाचाही चटका बसतो, पण त्यांना तेव्हाही गीझर लागायचा. शुभ्रा आणि तिचा नवरा यावरून त्यांची खूप चेष्टा करत. त्या हसत नसत आणि चिडतही नसत.

“आई, काय केलंत हे! मला विचारायचं तरी! अंगावर पाणी घ्यायचं नसतं अशा वेळी. तपासायला काही उरलं नाही आता. तो सुटला, कळतंय का तुम्हाला? तुमच्या आंघोळीने सुटला तो!”

ईश्वरी दचकली. प्रमिलाबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग पुन्हा फणी घेतली आणि एकेक बट सोडवू लागल्या. समोरच्या भिंतीवर त्यांच्या नवऱ्याचा वर्दीतला फोटो होता. त्याच्याकडे न बघताच त्या बोलल्या. आवाज भाजीचा भाव सांगावा तसा साधा होता.

“आम्ही छावणीत राहायचो तेव्हाची गोष्ट. तुझ्या सासऱ्यांच्या साहेबाने मला बंगल्यावर बोलावलं, मेमसाबना पापड लाटून हवेत म्हणून. मेमसाब माहेरी होत्या.”

शुभ्रा खाली बसली.

“घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, गप्प झोप, पोरगं उठेल. पुढे महिन्याभरात सुभेदार झाले. हा फोटो त्याच दिवशीचा.”

मशीन थांबलं होतं. प्रमिलाबाईंनी ईश्वरीच्या ओल्या केसांवरून टॉवेल फिरवला.

“थंडी होती गं तेव्हा. मला कुणी पाणीसुद्धा तापवून दिलं नव्हतं.”