तिसरा खिळा

हॉकनचा कोट न्यायला त्याची बायको रॅग्ना विमानतळावरच्या शेडमध्ये आली, तेव्हा अर्लो झाडलेलीच जमीन पुन्हा झाडत होता. हॉकनचं विमान पडून आज पाचवा दिवस होता.

"चौकशीचे साहेब दुपारी येणार म्हणे," ती म्हणाली.

"हो वहिनी. बिस्मार्क शहरातून निघालेत."

"दुकानात कुणी माझ्याशी बोलेना. शेवटी पोस्टातल्या म्हातारीनं सांगितलं. हॉकन प्यायला होता, असं ठरतंय." तिने खुंटीवरचा कोट काढला. "नाताळात घोटभर घेतली तरी दोन दिवस डोकं धरून बसायचा तो. आठ उतारू होते, अर्लो. त्यांच्या घरच्यांनाही हेच सांगतील."

अर्लो झाडत राहिला.

खुंटीशेजारी तीन खिळे होते आणि तिन्हींवर लाकडी चिमटे. उभ्या विमानाची शेपटी माळावरच्या वाऱ्यात फडफडू नये, म्हणून ते तिला लावून ठेवत. उड्डाणाआधी ते काढायचं काम अर्लोचं. काढून झाले की तो वैमानिकाला तीन बोटं दाखवी, हॉकन टोपीला हात लावी, आणि विमान निघे. एक जरी चिमटा शेपटीत राहिला, तर तिची हलती पाती अडकून वर चढणाऱ्या विमानाचं नाक काही केल्या खाली येत नसे.

"त्या दिवशी बोटं दाखवलीस?"

"दाखवली."

"किती?"

"तीन. नेहमीसारखी."

रॅग्नाने चिमट्यांना बांधलेल्या लाल चौकड्यांच्या फडक्यावरून हात फिरवला. "माझं टेबलावरचं कापड. दुरून दिसेल असं काहीतरी दे म्हणाला, तर हेच सापडलं मला. सासूबाई आठवडाभर बोलल्या नव्हत्या."

मग तिचा हात तिसऱ्या चिमट्यापाशी थांबला. लाकूड नवं, पांढरंफेक होतं. फडकं लाल, पण बिनचौकड्यांचं, आणि कडा दुमडलेल्या नव्हत्या.

"हे माझं नाही," ती म्हणाली.

अर्लोने झाडू भिंतीला टेकवला. झाडू घसरून पडला. त्याने उचलला नाही.

"दोन काढले होते," तो म्हणाला. "तिसऱ्याला हात घालणार, तेवढ्यात विमानात चढणाऱ्या एका बाईची टोपी उडाली. पार कुंपणापर्यंत. मी धावलो. परत आलो तर हॉकन माझ्याकडे बघत होता. हात आपोआप वर गेला, वहिनी."

बाहेर पत्रा वाजत होता. रॅग्ना बराच वेळ कोटाची बटणं लावत राहिली. एक सैल झालं होतं.

"सापडली का टोपी?"

"सापडली. तिच्या हातात दिली. हसली ती."

रस्त्यावर धूळ उठली. काळी मोटार फाटकाकडे वळत होती. अर्लोने हात वर करून पांढरा चिमटा काढला, टेबलावर मधोमध ठेवला आणि तो खुर्चीत बसला. भिंतीवर दोन फडकी उरली, आणि एक रिकामा खिळा.

"तुम्ही घरी जा, वहिनी."

रॅग्नाने दुसरी खुर्ची ओढली आणि कोट मांडीवर घेऊन ती त्याच्या शेजारी बसली.