झुलता पूल

थोरली लेक तालीन गेल्याला वर्ष उलटलं, तेव्हा कुठे हातिमने चार वर्षांच्या यमानला अम्मानमधल्या त्या बागेत पुन्हा नेलं. यमान दोरांच्या झुलत्या पुलावर एकटाच चढला. त्याच्या पायाखाली फळी दबायची, वर यायची आणि तो पुढे गेल्यावर तीच फळी पुन्हा एकदा दबायची.

वारा तर पूर्ण पडलेला होता.

"यमान, चल बाळा, खाली ये."

"थांब ना बाबा, ताई हळू चालते."

टोकाला पोहोचून यमान उतरायला वाकला आणि तसाच अडकला. त्याचा सदरा मागून ताणला गेला होता.

"ताई, सोड ना," तो रडवेला झाला. "बाबा, तू सांग तिला. तुझंच ऐकते ती."

हातिमने तोंड उघडलं, पण 'सोड' म्हणायला त्याची जीभ रेटेना.